पुसलेली वाट

१

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, ही आमच्या घरातली शिस्त. माझी बायको प्रभावती गेल्यावर ती पाळायला मी एकटाच उरलो, तरी पावणेसहाला माझं ताट होतं. सहा वाजता अंबूबाई भांडी घासायला येते. मग मी हॉलमध्ये खुर्ची टेबलाला भिडवायचो, तांब्याला टेकवून टॅब उभा करायचो आणि मिनेसोटातल्या एका अंगणात उजाडायची वाट बघत बसायचो.

अंगण माझ्या मुलीचं. अनुजा तिकडं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. गावाबाहेर भाड्याचं बैठं घर, दारापुढं तीन पायऱ्या, उजवीकडं गाडी लावायची सिमेंटची वाट, ती थेट रस्त्याला भिडलेली. दारावरच्या बेलमध्ये कॅमेरा आहे. त्याचं चित्र आणि आवाज माझ्या टॅबवर येईल, आणि मी इकडून बोललेलं तिथं ऐकू जाईल, अशी सोय तिनं करून दिली होती. मीच मागं लागलो होतो.

थंडीत तिथं रात्री बर्फ पडतो, दुपारी वरचा थर जरा वितळतो आणि अंधार पडला की पुन्हा गोठून त्याची काच होते. सिमेंटवर काहीच नाही असं वाटतं, आणि पाय टाकला की माणूस आडवा. म्हणून कामावर जायच्या आधी रोज तिचा अर्धा तास त्यात जायचा. आधी फावड्यानं बर्फ बाजूला लोटायचा, मग लांब दांड्याच्या पात्यानं चिकटलेला थर खरडायचा, मग बादलीतलं मीठ मुठीमुठीनं फेकायचं. तिकडं सकाळचे सव्वासात, आमच्याकडं संध्याकाळचे पावणेसात.

"आप्पा, जेवला काय?" ती कॅमेऱ्याकडं बघून विचारायची.

"जेवलो. पाय सपाट टाक."

"टाकतो की. बदकागत चालतो, बघा." आणि खरंच दोन पावलं बदकासारखी डुलत चालून दाखवायची. सात वर्षं तिकडं राहूनही तिचं आमच्याकडच्या पोरींसारखं 'जातो', 'येतो' सुटलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी प्रभावती मागच्या दारच्या पायरीवरून घसरून गेली. आषाढातलं शेवाळ. मी टीव्ही बघत होतो. मागं काहीतरी वाजलं, मला वाटलं मांजरानं पातेलं पाडलं. बातम्या संपल्यावर उठलो. अनुजा पोचली तेव्हा तिसरा दिवसही उलटून गेला होता. त्यानंतर मुलगी गाडीत नीट बसेपर्यंत मी टॅबसमोरून कधी उठलो नाही.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात होतो. पावसाळ्यात पंचगंगेच्या बंधाऱ्यावर उभं राहायचं, पट्टीवरची पाणीपातळी वाचायची आणि वर कळवायची. पाणी वाढल्यासारखं वाटणं वेगळं आणि वाढणं वेगळं, एवढं त्या नोकरीनं शिकवलं. हे आधी सांगून ठेवतो. पुढचं ऐकून लोक म्हणतील की जिनपाल मगदुमाला एकटेपणानं भ्रम झाला. काही दिवस मी स्वतःही तेच म्हणत होतो.

२

जानेवारीचा दुसरा आठवडा. टॅब लावला तेव्हा अनुजा अजून बाहेर आली नव्हती. दारावरच्या दिव्यात अंगण एकसारखं पांढरं दिसत होतं. फक्त डावीकडं, पार टोकाला, जिथं दिव्याचा उजेड संपतो, तिथं एक काळी रेघ होती.

त्या बाजूला उंच सूचिपर्णी झाडांची रांग आहे. झाडांमागं छोटं तळं, हिवाळाभर गोठलेलं. झाडांपासून पायऱ्यांपर्यंत कोणे एके काळी कुणीतरी दगडी फरश्या बसवून पायवाट केली होती. अनुजा तिचा वापर करत नसे, कारण त्या वाटेनं कुठं जायचंच नव्हतं. थंडीत ती बर्फाखाली बुडून जायची.

चित्र मोठं करून पाहिलं. झाडांकडच्या पहिल्या तीन फरश्या उघड्या पडल्या होत्या. हातभर रुंदीचा बर्फ काढलेला. कडेला काढलेल्या बर्फाचा ढीग नव्हता. पुढं पांढरं, मागं झाडं. आणि येण्याजाण्याचा एकही पायठसा नव्हता.

अनुजा बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "डावीकडं ते काय आहे गं?"

तिनं मान वळवली. "कुठं? ते होय? वाऱ्यानं उडालं असंल आप्पा."

मला पटलं. वारा असं करतो. आमच्याकडं नदीच्या वाळूवर वाऱ्यानं केलेले पट्टे मी पाहिलेत.

पण त्या रात्री तिथं पुन्हा बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी सिमेंटची वाट, गाडी, टपालाची पेटी, सगळं नव्या बर्फाखाली होतं. त्या फरश्या तेवढ्या कोरड्या. आणि आता त्या पाच होत्या.

उन्हाळ्यात अनुजानं फोन घेऊन अंगणातून फिरून दाखवलं होतं. तो व्हिडिओ माझ्याकडं होता. तो लावून मी फरश्या मोजल्या. झाडांपासून पहिल्या पायरीपर्यंत बावीस.

३

तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी नऊ.

अंबूबाई हात पुसत हॉलमध्ये आली. "एवढं काय बघताय वो आप्पा? डोळं फुटतील की."

मला कुणाला तरी दाखवायचंच होतं. "ये, बघ. आपल्या अनुजाचं अंगण."

ती वाकली. मग म्हणाली, "कुणी पुसलंय ह्ये?"

"बर्फ पुसत नाहीत अंबूबाई. फावड्यानं ओढतात, खरडतात."

"आता मला शिकवा. चाळीस वर्सं फरश्या पुसतोय मी." तिनं ओलं बोट काचेजवळ नेलं. उघड्या फरश्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा राहिला होता, आणि तिरप्या उजेडात त्यावर ओळीनं अर्धगोल दिसत होते. मी ते पाहिले होते, पण वाचले नव्हते. "ह्ये गोल बघा, सुपागत. हात असा फिरलाय. हिकडनं तिकडं. मग जरा सरायचं, परत तसाच. फावड्याची रेघ सरळ येती. ह्ये उकिडवं बसून केलंय."

"पण पायाचे ठसे कुठं आहेत?"

"ठसं कसं उठतील? पुसताना कोण पुढं जातंय व्हय? पुसलेल्यावर पाय पडतील की. मागं मागं सरत यायचं. आन् हितं तर पाय टाकायच्या आदी हात मागं नेऊन तीबी जागा पुसलीया." ती स्वतःशीच मान हलवत होती, एखाद्या कामकरणीचं काम चोख असलं की हलवावी तशी. "झाडाकडनं सुरवात केलीया. म्हंजी तोंड झाडाकडं. पाठ आपल्या पोरीच्या दाराकडं."

आत स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तो नीट बंद करायला मी उठलो, आणि उठल्यावर लक्षात आलं की नळाचं निमित्त आहे.

"शेजारी कोणीतरी असेल," मी आतूनच म्हणालो. "तिकडचे लोक एकमेकांना मदत करतात."

"आसंल की." अंबूबाईनं पिशवी उचलली. दारात जाऊन थांबली. "आप्पा, पुसणारं माणूस दाराशी पोचलं की उठतंय. उठलं की वळतंय. तवा मला बोलवू नका बघायला."

४

रविवारी मी अनुजाला सगळं सांगितलं. अर्धगोल, फरश्यांचा हिशेब, अंबूबाई काय म्हणाली ते. ती ऐकत राहिली आणि मग हसली.

"मला माहीत आहे आप्पा. मी बघितलंय जवळनं. किती सुरेख काढलंय. एक कण नाही बर्फाचा."

"कोण करतंय?"

"असंल कोणीतरी म्हातारं. झोप येत नसंल, करत असंल बिचारं." मग ती म्हणाली, "खरं सांगू? मला बरं वाटतंय. इथं कोणाचं कोणाला काही पडलेलं नसतं. मैत्रीण म्हणावी तर एक मोना आहे, पण ती दीड तास लांब. दोन-दोन दिवस मी कामाशिवाय एक शब्द बोलत नाही कोणाशी. आणि कोणीतरी न सांगता माझ्यासाठी वाट साफ करतंय."

"अगं, पण ती वाट तुझ्या गाडीकडं जात नाही."

"मग कुठं जाती?"

"जात नाही. येते."

मला वाटलं पटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. शंकरपाळ्यांचा. मी डिसेंबरात कुरिअरनं पाठवल्या होत्या. त्यात तिनं आभाराची चिठ्ठी घातली, बर्फातून पाय रोवत डावीकडं गेली आणि तेराव्या फरशीवर डबा ठेवून आली.

मंगळवारी डबा सोळाव्या फरशीवर होता. झाकण घट्ट लावलेलं. अनुजानं तो कॅमेऱ्यासमोर आणून उघडला. आत एक चुरा नव्हता. कोपरे, झाकणाची खाच, सगळं लखलखीत. चिठ्ठी मात्र होती, घडी घातलेली. तिनं उलगडून मला दाखवली. कागद कोरा होता.

"ओलाव्यानं शाई गेली असंल," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर हसू होतं. आपली भेट कुणी घेतली की असतं तसं. आईच्या हातून बक्षीस घेताना शाळेत तिचा चेहरा असा व्हायचा.

"अनुजा, आजच्या आज मोनाकडं जा. आठवडाभर राहा."

"आणि तिला काय सांगू? माझी वाट कोणीतरी पुसतंय म्हणून आलो?"

"पोलिसांना सांग."

"तेच पोलिसांना सांगू?" तिचा आवाज चढला. "आप्पा, तुम्ही दिवसभर त्या टॅबला डोळे लावून बसता म्हणून तुम्हाला असलं दिसतं. जरा बाहेर पडा. रंकाळ्यावर जाऊन या. माणसांत बसा."

मी टॅब पालथा घातला आणि खरंच रंकाळ्यावर गेलो. कठड्यावर बसलो. माणसं होती, भेळेच्या गाड्या होत्या. एक ओळखीचा म्हणाला, "काय मगदूम, लेक काय म्हणती?" मजेत आहे म्हणालो. अर्ध्या तासात घरी परतलो.

५

बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी टॅब वाजला. दारासमोर हालचाल झाली की तो वाजतो. तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली. आमच्या गल्लीत लख्ख ऊन होतं. शेजारी कुकरच्या शिट्ट्या, कोपऱ्यावर भंगारवाल्याची हातगाडी, तिच्यावरचा भोंगा.

दारावरचा दिवा विझलेला होता. अंधारात कॅमेरा करड्या रंगाचं चित्र दाखवतो, तसं अंगण दिसत होतं. आवाज आधी आला. ओल्या काचेवर तळवा दाबून फिरवावा तसा. खुईऽऽ. मग थोडी शांतता. मग घासत मागं सरल्याचा आवाज. मग परत खुईऽऽ.

डाव्या बाजूला पाठ होती.

उकिडवी बसलेली, डोकं खाली घातलेलं. अंगावर काय होतं ते कळलं नाही. बर्फाच्याच रंगाचं काहीतरी. उजवं कोपर बाहेर यायचं, अर्धगोल फिरायचं, आत जायचं. मग एक हात मागं येऊन जमीन चाचपायचा, पुसायचा, आणि सगळं अंग वीतभर मागं सरायचं. घाई नव्हती. आळसही नव्हता. जन्मभर एकच काम केलेल्या माणसाची लय असते, तशी लय होती.

मी स्वतःला सांगितलं, हे माणूस आहे. वेडं असेल, पण माणूस आहे. आणि ज्या थंडीत अनुजाचे हातमोज्यातले हात दहा मिनिटांत बधिर होतात, त्या थंडीत ते उघड्या हातांनी पुसतंय, याचंही काही कारण असेल.

अनुजाला फोन लावला. झोपताना ती फोन बंद ठेवते. दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग टॅबवरचं बोलायचं बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. बटण मात्र दाबलेलं राहिलं, आणि माझ्या उघड्या खिडकीतून कोपऱ्यावरच्या भोंग्याचा आवाज आत आला, टॅबमध्ये शिरला आणि त्या गोठलेल्या अंगणात घुमला. "लोखंड, पत्रा, जुन्या बाटल्याऽऽ, रद्दी पेपर..."

पाठ थांबली.

डोकं हळूहळू वर आलं. वळलं नाही. फक्त एका बाजूला कललं, आणि तसंच राहिलं. घाबरलेलं माणूस असं ऐकत नाही. लांबून आपल्या ओळखीचा आवाज आला की माणूस असं ऐकतं.

मी बटणावरचं बोट काढलं. माझ्या गल्लीत भोंगा ओरडत पुढं निघून गेला. तिकडं ते डोकं दोन मिनिटं तसंच कललेलं होतं. मग खाली गेलं, आणि हात पुन्हा फिरू लागला. आता जरा भराभर.

मी फरश्या मोजल्या. एकोणीस झाल्या होत्या.

६

त्या दिवशी संध्याकाळी मी अनुजाला ते चित्रण पाठवलं. तिनं पाहिलं. मग तिचा फोन आला. आवाज बारीक होता.

"उद्या सुट्टी मिळणार नाही. परवा सकाळीच निघतो मोनाकडं. मग तर झालं?"

"आजच का नाही?"

"आज गोठता पाऊस येणार आहे आप्पा. रस्ते बंद करतील. घरात कुलूप लावून बसतो. उद्या इस्पितळाची गाडी कोपऱ्यावर येती, तिनं जातो-येतो."

पाऊस आला. तो तिकडचा पाऊस पडताना पाणी असतो आणि टेकल्या जागी बर्फ होतो. गुरुवारी दिवसभर टॅबवर काही दिसलं नाही. कॅमेऱ्याच्या काचेवरच बर्फाची साय धरली होती. पलीकडं दिवा म्हणजे एक पिवळा डाग. आवाज मात्र येत होता. शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिच्या गुरुवारच्या रात्री, तो आवाज इतका जवळ होता की मी तांब्या बाजूला केला, टॅब हातात घेतला आणि कानाशी धरला. खुईऽऽ. दगडावरून तो लाकडावर आला. पायऱ्या लाकडाच्या होत्या. एक. दोन. तिसरीनंतर आवाज थांबला.

मागं सरल्याचा आवाज आला नाही. कोणी उठल्याचाही आला नाही.

त्याच संध्याकाळी पावणेसातला दाराची कडी वाजली. पिवळ्या डागात लाल डाग आला. अनुजाचं जाकीट.

"आप्पा, आहात काय?"

"आहे. इकडं तिकडं बघ. कोणी आहे?"

"कोणी नाही." तिचा श्वास ऐकू येत होता. "बाई गं. सगळी काच झालीय. गाडीपर्यंत नुसती काच. मीठ पण टिकणार नाही यावर. डावीकडची वाट तेवढी कोरडी आहे. पायऱ्या पण पुसल्यात. तिकडनं झाडांखालनं फिरून जातो गाडीकडं."

"नाही."

"आप्पा..."

"तिकडून जाऊ नको. त्या फरशीवर पाय ठेवू नको. बर्फावरून जा."

"पडतो मी! दोन पावलंसुद्धा जमायची नाहीत."

"पड," मी म्हणालो. "पडलीस तरी चालेल. हात मोडला तरी चालेल. बर्फावरून जा."

हे मी म्हणालो. तीन वर्षं रोज संध्याकाळी जे होऊ नये म्हणून बसत होतो, ते तिला करायला सांगितलं.

लाल डाग उजवीकडं सरला. मिठाच्या बादलीचा आवाज झाला. मग एक पाऊल, दुसरं, आणि मग ती पडली. आधी बादली गडगडत गेली आणि मग धप्प असा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा होता. मी उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. आतून अंबूबाई ओरडली, "काय झालं वो?"

"अनुजा!"

"आहे..." ती कण्हत होती. "मनगट... काही नाही. उठतो."

तेवढ्यात टॅबचं चित्र हललं.

कॅमेऱ्याच्या काचेवर बाहेरून काहीतरी टेकलं. खालून वर आलं, काचेजवळून, म्हणजे कॅमेऱ्याच्या खाली भिंतीला लागून ते सगळा वेळ बसलेलं असणार. तो हाताचा तळवा होता. काचेला चिकटून तो डावीकडून उजवीकडं अर्धगोल फिरला. खुईऽऽ. परत उलटा फिरला. बर्फाची साय निघून गेली. तळवा माझ्या डोळ्यांपासून दोन इंचावर होता, आणि त्यावर एकही रेघ नव्हती. ना आयुष्याची, ना कसली. नदीतल्या गोट्यासारखा तो झिजून गुळगुळीत झाला होता.

मग तो खाली गेला.

चित्र कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं. काचेसारखं अंगण, त्यात बसलेली माझी मुलगी, मनगट छातीशी धरलेलं. ती दाराकडं बघत होती. कॅमेऱ्याकडं नाही. कॅमेऱ्याच्या जरा खाली, आणि मग हळूहळू वर, कोणीतरी उठून उभं राहताना नजर वर जावी तशी. मी तिचा चेहरा बघत होतो. त्या चेहऱ्यावर भीती येण्याआधी दुसरंच काहीतरी आलं आणि गेलं. ते काय होतं ते तेव्हा मला उमगलं नाही.

माझ्या टॅबमध्ये, अगदी जवळ, दार मिटल्याचा आवाज झाला. आतून.

अनुजा उठली. त्या काचेवरून ती गाडीपर्यंत धावत गेली, आणि एकदाही घसरली नाही.

७

मोनाच्या घरून तिनं पोलिसांना फोन केला. त्यांनी कुलूप तोडून घर बघितलं. आत कोणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं, खिडक्या बंद. घर फार स्वच्छ ठेवलंय म्हणाले. अनुजा तिथं परत गेली नाही. सामान मोनानं माणसं लावून आणवलं. मनगट सहा आठवड्यांत जुळलं. आता ती शहरात चौथ्या मजल्यावर राहते. तिथं अंगण नाही, पायऱ्या नाहीत, बर्फ काढायला माणसं आहेत. बेलमध्ये कॅमेराही नाही.

संध्याकाळी जेवण उरकल्यावर मला आता काही काम नसतं. सुरुवातीला सवयीनं टॅब उभा करायचो. काळ्या काचेत माझाच चेहरा दिसायचा. अंबूबाई लवकर येते आणि लवकर जाते. तो विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. अनुजाला रविवारी फोन करतो. हवा कशी आहे, जेवलीस काय, मनगट दुखतं काय. तिनं काय पाहिलं ते मी विचारलं नाही, आणि त्या तळव्याचं मी तिला सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी तीच बोलली. इकडं ऊन मी म्हणत होतं, पंखा गरम वारा फेकत होता.

"आप्पा, ते उठून उभं राहिलं तेव्हा वळलं माझ्याकडं."

मी पंखा बंद केला.

"तोंड कसं होतं ते सांगता येणार नाही. आठवायला गेलं की राहत नाही, पुसल्यागत होतं. पण एक आठवतं. मला बघून त्याला बरं वाटलं, आप्पा. लई बरं वाटलं. इतक्या लांबनं, इतके दिवस हातानं रस्ता करत कोणीतरी आलं, आणि मी भेटलो म्हणून त्याला बरं वाटलं. आणि मी पळून आलो."

"बरं केलंस."

"होय. पण सात वर्षांत तसं कोणी माझ्याकडं बघितलं नव्हतं."

"मी बघतो की," मी म्हणालो. "मी रोज बघत होतो."

"ते माहीत आहे आप्पा." तिचा आवाज मऊ झाला होता, लहान मुलाची समजूत काढताना होतो तसा. "पण तुम्ही लांब आहात."

कोल्हापूरला ये म्हणालो. कायमची ये, काय करायचंय तिथं एकटीनं. बघू म्हणाली. मग जरा वेळानं, सहज आठवावं तसं म्हणाली की परवा कामावरून येताना ती त्या रस्त्यानं आली. घर अजून रिकामंच आहे. गाडीतून उतरले नाही म्हणाली, नुसती लांबून बघून आले. 'उतरले' म्हणाली, 'आले' म्हणाली, आमच्याकडचं 'उतरलो', 'आलो' नव्हे. ते मला फोन ठेवल्यावर जाणवलं.

मी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. तिकडं पहिला बर्फ पडायला अजून सहा महिने होते.